कोकणचे गांधी अप्पासाहेब पटवर्धन आणि ‘हलक्या’ कामाचं मानसशास्त्र



तुमच्या शाळेतलं स्वच्छतागृह कोण साफ करतं? खरं उत्तर द्या, अहवालात लिहितो ते नको. कुठे गावातली एखादी बाई आठवड्यातून एकदा येऊन करून जाते. कुठे शिपाईमामा कुरकुरत करतात. कुठे उशिरा आलेल्या किंवा गृहपाठ न केलेल्या मुलांना शिक्षा म्हणून करायला लावतात. आणि कुठे कुणीच करत नाही, म्हणून दाराला कुलूप असतं आणि मोठ्या वर्गातल्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत.

२ ऑक्टोबरला आपण सगळे झाडू हातात घेतो, फोटो काढतो. ३ ऑक्टोबरला पुन्हा कुलूप. असं का होतं? मुलं वाईट आहेत का? शिपाईमामा आळशी आहेत का? की आपली भाषणं कमी पडतात?

हा प्रश्न नुसता स्वच्छतेचा नाही. तो कामाच्या जागेचा प्रश्न आहे. एखाद्या संस्थेत काही कामं मानाची आणि काही कामं हलकी कशी ठरतात, आणि ती ठरवण बदलता येते का, यावर सामाजिक मानसशास्त्राने बराच विचार केला आहे. बी.एड.ला आपण कर्ट लेविनचा क्षेत्रसिद्धांत पाठ केला आणि परीक्षेनंतर सोडून दिला. पण या विषयावर ज्याने आयुष्यभर प्रत्यक्ष काम केलं, असा माणूस आपल्या सिंधुदुर्गातच होऊन गेला. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजेच अप्पासाहेब पटवर्धन. मुलांच्या निबंधात ‘कोकणचे गांधी’ एवढ्या दोन शब्दांत त्यांना गुंडाळून टाकलं जातं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

अप्पासाहेबांचा जन्म १८९४ सालचा. तेव्हा सिंधुदुर्ग हा जिल्हाच नव्हता. मालवण, देवगड, वेंगुर्ला, कणकवली हा सगळा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. आपला जिल्हा वेगळा झाला तो १९८१ मध्ये. अप्पासाहेब ब्राह्मण घरातले, संस्कृतचे हुशार विद्यार्थी, एम.ए. झालेले. पुण्यात त्यांनी काही काळ प्राध्यापकीही केली. त्या काळात एम.ए. झालेला, कॉलेजात शिकवणारा माणूस म्हणजे केवढी प्रतिष्ठा! ती सोडून ते गांधीजींच्या मागे गेले. गांधीजींची गुजराती आत्मकथा मराठीत आणली ती त्यांनीच. तुमच्या शाळेच्या कपाटात ‘सत्याचे प्रयोग’ची मराठी प्रत असेल तर अनुवादकाचं नाव जरूर बघा.

गांधीजींच्या साबरमतीच्या आश्रमात संडास साफ करायला बाहेरचा माणूस यायचा नाही. आश्रमात राहणाऱ्यांनीच ते करायचं, असा दंडक होता. आता विचार करा, घरी ज्याने कधी केरसुणी उचलली नसेल असा पदवीधर तिथे जातो. त्याला कुणी प्रवचन देत नाही. तो बघतो, की बाजूचा वकील बादली उचलतोय, पलीकडचा शिक्षक उचलतोय, खुद्द गांधीजी करताहेत. आठ दिवसांत त्याचाही हात चालू लागतो. काम तेच, किळसही तीच, पण भोवतालचा गट बदलला. माणूस एकटा असताना जे करायला लाजतो ते गटाचा रिवाज असेल तर सहज करतो. आणि उलटही खरं. तोच पदवीधर गावी परत आला की गावाचा रिवाज त्याला पुन्हा पकडतो. अप्पासाहेब वेगळे ठरले ते इथे. ते कोकणात परतले आणि रिवाजाने त्यांना पकडलं नाही.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. आपल्या किनाऱ्यावर शिरोड्याचं मिठागर गाजलं. अप्पासाहेब त्या चळवळीतले जिल्ह्यातले पुढारी. तुरुंगवास ओघाने आलाच. त्यांच्या आयुष्यातला जो प्रसंग प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवा तो १९३२ मधला, रत्नागिरीच्या तुरुंगातला.

तुरुंगात कामांची वाटणी असते. दळण, कातकाम, बागकाम, स्वयंपाक. आणि मैला काढणं. हे शेवटचं काम कोणी करायचं हे कैद्याच्या गुन्ह्यावरून ठरत नव्हतं, शिक्षेच्या मुदतीवरून ठरत नव्हतं. जातीवरून ठरत होतं. बाहेरच्या जगात ज्या जातीला हे काम जन्माने चिकटवलं होतं, त्याच जातीच्या कैद्याला आतही तेच काम. चोरी केलेला ब्राह्मण आणि चोरी केलेला मेहतर तुरुंगात एकाच कायद्याने येत, पण आत आल्यावर एकाला चक्की आणि दुसऱ्याला मैल्याची बादली. यामागे सरकारची भूमिका काय? तर लोकांच्या धार्मिक भावना दुखावू नयेत!

अप्पासाहेबांनी ते काम स्वतःसाठी मागितलं. नकार मिळाला. मग त्यांनी आपलं अन्न तोडायला सुरुवात केली. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते. पुणे करार होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांना हे कळल्यावर त्यांनी सरकारशी पत्रव्यवहार केला आणि ३ डिसेंबर १९३२ रोजी अप्पासाहेबांच्या मागणीसाठी स्वतः उपोषण सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी सरकारने प्रश्नाचा फेरविचार करण्याचं मान्य केलं आणि उपोषण सुटलं.

विचार करा, एक माणूस उपाशी राहतो ते काम टाळण्यासाठी नाही, काम मिळण्यासाठी. तेही असं काम, जे दुसरा माणूस नाइलाजाने करतोय. आणि हे घडलं कुठे? ज्या रत्नागिरी शहरात वर्षभर आधी, १९३१ मध्ये, सर्व हिंदूंसाठी खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं होतं, तिथेच. शहरात देवाचं दार उघडलं होतं. तुरुंगातली बादली मात्र अजून जातीच्याच हातात होती. मला वाटतं, पहिल्यापेक्षा दुसरं बदलणं जास्त अवघड आहे. देवळात सगळ्यांसोबत उभं राहायला अर्धा तास लागतो. कामाची वाटणी बदलायची तर रोज सकाळी बदलावी लागते.

या प्रसंगाकडे मानसशास्त्राच्या बाजूने बघू. एखादं काम हलकं आहे असं आपण म्हणतो तेव्हा ते हलकेपण नेमकं कुठे असतं? कामात? आई बाळाचं शी-शू काढते, परिचारिका रुग्णाचं भांडं उचलते. तिथे आपण त्याला माया म्हणतो, सेवा म्हणतो. म्हणजे हलकेपण घाणीत नाही. ते येतं व्यवस्थेतून. कोणाला करायला लावतात, कोणत्या साधनाने, किती मोबदल्यात, आणि ते सोडून जायची त्याला मुभा आहे का, यातून. तुरुंगाच्या नियमाने नुसती जुनी समजूत पाळली नव्हती, तो नियम ती समजूत रोज नव्याने तयार करत होता. नियम म्हणतो हे काम अमक्याचं, म्हणून सगळे मानतात अमक्याचं. आणि सगळे मानतात म्हणून नियम टिकतो. हे चक्र फोडायला बहुमत लागत नाही. एक जण लागतो.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. १९५० च्या सुमारास सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत एक प्रयोग केला. कागदावरच्या रेषांची लांबी जुळवायची, इतकं सोपं काम. पण खोलीतले बाकीचे सगळे ठरवून एकच चुकीचं उत्तर देत. मग खरा परीक्षार्थीही साधारण तीनपैकी एका वेळी त्यांच्या सुरात सूर मिसळून चुकायचा, डोळ्यांसमोर रेषा असूनही! पण त्या गटात एकच माणूस बरोबर उत्तर देणारा ठेवला, की हे चुकणं एकदम घसरायचं. एकमताची भिंत एका चिरेने पडते. रत्नागिरीच्या तुरुंगात तो एक चिरा अप्पासाहेब होते.

आता लेविनकडे येऊ. कर्ट लेविन जर्मनीतला ज्यू, हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये अमेरिकेत गेला. दुसऱ्या महायुद्धात तिथे चांगलं मांस सैन्याकडे जाऊ लागलं आणि सरकारला वाटलं, गृहिणींनी जनावराचं काळीज, मूत्रपिंड असे भाग रांधावेत. गृहिणींना ते नकोसं वाटायचं. लेविनने काही गटांना उत्तम व्याख्यान दिलं. पोषण, देशभक्ती, पाककृती, सगळं. दुसऱ्या गटांना व्याख्यान नाही. त्यांनी आपसात बोलायचं, अडचणी सांगायच्या आणि शेवटी हात वर करून ठरवायचं. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यानवाल्यांपैकी फक्त ३ टक्के बायकांनी ते पदार्थ केले होते. चर्चावाल्यांपैकी ३२ टक्के बायकांनी. हा आकडा आपल्या परिपाठातल्या भाषणांशेजारी लिहून ठेवण्यासारखा आहे.

लेविनचं म्हणणं थोडक्यात असं. माणसाला एका बाजूला ढकलणारे जोर असतात आणि त्याला अडवणारे जोर असतात. आपण काय करतो, तर ढकलायचा जोर वाढवतो. अजून भाषण, अजून दंड, अजून परिपत्रक. त्याने ताण वाढतो, माणूस चिडतो आणि आपली पाठ वळली की जागच्या जागी परत येतो. त्याऐवजी अडवणारी गोष्ट शोधा आणि ती काढा.

अप्पासाहेबांनी लेविन वाचला होता असा माझा दावा नाही. पण तुरुंगातून सुटल्यानंतरचं त्यांचं काम बघितलं, की ते ढकलण्याकडून अडथळा काढण्याकडे कसे सरकत गेले हे स्पष्ट दिसतं.

आधी मेलेल्या जनावरांचं बघा. बैल मेला की तो ओढून नेणं, सोलणं हे गावात महारांवर लादलेलं काम. १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना हे काम सोडायला सांगितलं आणि कोकणात अनेकांनी ते सोडलं. योग्यच केलं. मग गावांपुढे प्रश्न उभा राहिला, मेलेली गुरं आता कोण उचलणार? अप्पासाहेबांचं उत्तर होतं, ज्याची गाय त्याने, नाहीतर कोणीही, पण कसब शिकून. ते स्वतः मेलेलं जनावर सोलायला शिकले. हाडांचं खत होतं, कातडं कमावता येतं, हे त्यांनी करून दाखवलं. या कामापायी सनातनी मंडळींचा रोष आणि बहिष्कारही त्यांच्या वाट्याला आला. ब्राह्मणाने चांभारकाम केलेलं कसं पचणार?

इथे थांबून एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. मुलांना अप्पासाहेब शिकवताना आपण ती गाळतो, आणि मग धडा गुळगुळीत होतो.

प्राध्यापकाने झाडू उचलला तर त्याला लोक संत म्हणतात. ज्याचा बाप, आजा, पणजा तेच करत आला त्याला कोणी संत म्हणत नाही. एकाच कामाला दोन किमती. कारण पहिल्याने ते निवडलंय आणि दुसऱ्याला निवड नाही. बाबासाहेबांचा गांधीजींवरचा मोठा आक्षेप हाच होता. सफाईच्या कामाला पवित्र म्हणून गौरवायचं आणि ते करणाऱ्याला त्यातच ठेवायचं, यातून त्याची सुटका होत नाही, फक्त त्याच्या बेडीला फुलं वाहिली जातात. हा आक्षेप मला पूर्ण पटतो. अप्पासाहेब जर नुसते झाडू घेऊन फिरले असते तर त्यांनाही तो पूर्ण लागू झाला असता.

पण ते तिथे थांबले नाहीत. १९४८ मध्ये कणकवलीजवळ वागद्याला त्यांनी गोपुरी आश्रम उभा केला, आणि तिथे त्यांनी झाडूचाच प्रश्न संपवायला घेतला.

त्या काळात शहरांत आणि मोठ्या गावांत टोपलीचे संडास होते. घराच्या मागच्या बाजूला खाली टोपली किंवा डबा, आणि रोज सकाळी कोणीतरी येऊन ती उचलून डोक्यावरून वाहून नेणार. खेड्यांत संडासच नव्हते, लोक उघड्यावर, किनाऱ्याला तर सरळ वाळूत जात. अप्पासाहेबांच्या लक्षात आलं, की जोवर ताजा मैला हाताळावा लागतोय तोवर तो कोणाच्या तरी माथी मारला जाणारच. आज जातीमुळे, उद्या गरिबीमुळे. तेव्हा माणसांची मनं बदलत बसण्यापेक्षा संडासच असा करायचा, की ताजा मैला कोणालाच हाताळावा लागू नये.

‘गोपुरी संडास’ म्हणून तो ओळखला जातो. कल्पना अगदी साधी. शेजारी शेजारी दोन टाक्या. एक वापरात, दुसरी बंद. वापरून झाल्यावर वरून माती, पालापाचोळा टाकायचा. पाणी फार लागत नाही. एक टाकी भरली की ती बंद करून दुसरी सुरू करायची. दुसरी भरेपर्यंत पहिलीतलं सगळं कुजून जातं. उघडलं तर आत घाण नसते, भुरभुरीत काळं खत असतं. त्याला वास नसतो. शेतकरी ते आनंदाने फावड्याने काढून माडाच्या आळ्यात घालतो. आपल्या भाषेत या खताला किती छान नाव आहे बघा, सोनखत!

यात काय झालं? किळस येण्याचं कारणच उरलं नाही. मैला वाहणारा माणूस लागत नाही, म्हणून त्याची जात लागत नाही. आणि घरमालकाला ते स्वतः करण्यात फायदा आहे, खत फुकट मिळतं. कुणाला सुधारायचं नाही, कुणाला लाजवायचं नाही, कामाचीच मांडणी बदलायची. भंगीमुक्ती या त्यांच्या शब्दाचा खरा अर्थ इथे कळतो. (जातिवाचक म्हणून हा शब्द आज आपण वापरत नाही आणि वापरू नये. चळवळीचं नाव म्हणून लिहिला.) झाडूला मान देणं आणि झाडूची गरज संपवणं यात फार अंतर आहे. अप्पासाहेबांनी हे अंतर आयुष्यभरात चालून ओलांडलं. माझ्या मते त्यांचं मोठेपण उपोषणापेक्षा या दोन टाक्यांत जास्त आहे.

कामाची मांडणी ठरवताना तिथे राबणाऱ्याला विचारलं तर काय होतं, यावर त्याच १९४८ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पायजमे शिवणाऱ्या एका कारखान्यात लेविनच्या प्रभावळीतल्या दोघांनी तो केला. कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला वरून हुकूम दिला, काहींना बदल ठरवण्यात सामील करून घेतलं. हुकूमवाल्या गटाचं उत्पादन पडलं, तक्रारी वाढल्या, काही जणी काम सोडून गेल्या. सामील झालेल्यांचं उत्पादन थोड्याच दिवसांत पूर्ववत झालं आणि पुढेही वाढलं. तुमच्या शाळेत नवीन ॲप भरायचा हुकूम येतो तेव्हा स्टाफरूममध्ये काय होतं ते आठवा, म्हणजे दूरचा तो कारखाना एकदम जवळचा वाटेल.

अप्पासाहेबांची सगळीच मतं पटतील असं नाही. ‘व्याज-बट्टा’ म्हणून त्यांनी एक विचार मांडला होता. धान्य पडून राहिलं तर किडतं, तसा पैसाही पडून राहिला तर घटला पाहिजे, व्याज मिळता कामा नये. पतपेढीचे सदस्य असलेल्या आपल्या बहुतेक शिक्षकांना हे रुचायचं नाही. पण माणूस विचार कुठपर्यंत ताणत नेत होता ते यावरून दिसतं. ‘माझी जीवनयात्रा’ हे त्यांचं आत्मचरित्र मिळालं तर वाचा. १० मार्च १९७१ रोजी ते गेले.

त्यांचा धागा तुटला नाही. देहूला डॉ. मापुसकरांनी सरकारी डॉक्टर म्हणून गेल्यावर गावात संडास उभे करायचं काम हाती घेतलं आणि चिकाटीने तडीस नेलं. ते अप्पासाहेबांनाच आपलं प्रेरणास्थान मानत. तिथल्या सफाईविषयक संस्थेला अप्पांचं नाव आहे. डॉ. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आणि आपला सिंधुदुर्ग २०१६ च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात देशातल्या मैदानी जिल्ह्यांत पहिला आला. त्याचं श्रेय एका माणसाला देता येणार नाही, पण जमीन कोणी नांगरली होती ते मुलांना सांगायला हरकत नाही. हाताने मैला साफ करायला लावण्यावर १९९३ आणि २०१३ मध्ये कायद्याने बंदी आली. तरीही शहरांतल्या गटारांत उतरून माणसं मरतात, आणि मरणाऱ्यांच्या आडनावांकडे नजर टाकली तर १९३२ चा तुरुंग संपला असं म्हणवत नाही.

आता आपल्या शाळेकडे. सर्वात आधी एक गोष्ट बंद करा, शिक्षा म्हणून सफाई. जे काम आपण शिक्षेत देतो ते वाईट आहे हे आपणच मुलाला शिकवतो, मग गांधी जयंतीला उलटं कितीही सांगा. तसंच झाडणं मुलींकडे आणि बाकं उचलणं मुलांकडे, ही वाटणी तुमच्या वर्गात आहे का तेही बघा. रत्नागिरीच्या तुरुंगाचा नियम निदान लिहिलेला तरी होता. आपला न लिहिताच चालतो.

मग अडथळा शोधा. लांब दांड्याचा ब्रश आहे का? हातमोजे, साबण, पाणी? टाकी रिकामी असताना मुलांना स्वच्छतेचं महत्त्व पटवून देणं म्हणजे ढकलायचा जोर वाढवणं. एका तासाला वर्गातच चर्चा घ्या. कोणाला काय नको वाटतं ते मोकळेपणी बोलू द्या, हसू द्या, आणि पाळ्या त्यांनाच ठरवू द्या. संडास घासण्याचं काम लहान मुलांवर टाकायचं नाही, ते मोठ्यांचं. मुलांचा वाटा पाणी ओतणं, वर्ग झाडणं, साबण ठेवणं एवढाच. पण त्या यादीत शिक्षकांची आणि मुख्याध्यापकांची नावंही असू द्या.

पालकहो, तुमच्यासाठी एकच. मुलाने शाळेत झाडू मारला म्हणून तक्रार घेऊन येण्याआधी विचारा, की फक्त माझ्याच मुलाला दिला का? उत्तर ‘हो’ असेल तर जरूर भांडायला या. उत्तर ‘सगळ्यांना, सरांनाही’ असं असेल तर चहा घेऊन जा.

आणि यंदाची क्षेत्रभेट किल्ल्यावर किंवा बीचवर न नेता एकदा गोपुरीला न्या. वागदे कणकवलीच्या अगदी शेजारी आहे, महामार्गालगत. तिथली गड नदीच पुढे मालवण तालुक्यात कालावलच्या खाडीला मिळते. किनाऱ्यावरच्या मुलांना खाडी पाठ असते, तिच्या वरच्या अंगाला कोण राहत होतं ते माहीत नसतं. जाण्याआधी वर्गात दोन टाक्यांची आकृती फळ्यावर काढा आणि मुलांना विचारा, की यात मैला वाहणारा माणूस कुठे आहे. त्यांना शोधू द्या.